सासऱ्यांच्या पाइपावरचे दात

माझे सासरे बोटीवर इंजिनखात्यात होते. नोकरी संपवून आले ते तंबाखू ओढायचा एक बाकदार पाइप घेऊन, आणि पुढे नाहूरच्या दोन खोल्यांत कायम तो डाव्या दाढेखाली धरून बसले. ते गेल्यावर सासूबाई रोज त्या पाइपाच्या काळ्या दांडीवर अंगठा फिरवायच्या. तिथे सासऱ्यांच्या दातांचे दोन खड्डे होते. फोटोपेक्षा त्यांना ते खड्डे जवळचे.

वर्षश्राद्धाला पाइप पानाशेजारी ठेवायचा होता. दांडी जुन्या कडक रबराची, हिरवट पडलेली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. म्हटलं, जावई कामाचा आहे हे एकदा दाखवू या. तारेला लोकर गुंडाळून भोकातली काजळी ओढून काढली. मग दांडी उकळत्या पाण्यात सोडली.

वाफेबरोबर त्यांच्या तंबाखूचा वास आला, माणूस पाठीशी येऊन उभा राहावा तसा. पाण्यात दांडी हलू लागली. तिचा बाक उलगडत गेला. म्हातारं माणूस आरामखुर्चीतून उठतं ना, तशी ती हळूहळू सरळ झाली. चिमट्याने बाहेर काढली, तर दातांचे खड्डे भरून आलेले. हे रबर तापलं की त्याला आपला मूळ आकार आठवतो, असं पुढे कुणीतरी सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की वाट लागली.

दांडी गरम असतानाच मी तिला बाक परत दिला. पण खड्डे? जे सुचलं ते लिहायलाही लाज वाटते. दांडी तोंडात धरली आणि कचकचून चावलो.

दुपारी गच्चीवर पान ठेवलं. कावळे कठड्यावर ओळीने बसले, एकही खाली उतरेना. कावळा शिवेपर्यंत सासूबाई पाण्याचा थेंब घेणार नव्हत्या. ऊन चढलं, त्यांचे ओठ सुकले.

"सगळं आवडीचं केलंय ना गं आई, मग बाबांचं काय राहिलंय?" बायको म्हणाली.

सासूबाईंनी पाइप उचलला, अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे दात ह्यांचे नाय."

मी गुडघ्यांवर बसलो आणि कावळ्यांना हात जोडले. "बाबा, खड्डे मी घालवले. चावलो पण मीच."

सासूबाईंनी पाइप परत ठेवला. एक थोराड कावळा उतरला. भाताकडे त्याने पाहिलंही नाही. दांडीचं टोक चोचीत डावीकडे धरलं आणि मान जराशी कलती करून आमच्याकडे बघत राहिला. टीव्हीवरच्या बातम्या ऐकताना सासरे असेच बसायचे. मग दांडी टाकून त्याने भातात चोच घातली.

सासूबाई पाणी प्यायल्या. पाइपावर पुन्हा अंगठा फिरवला. "आता बरां आसा. परत धुवू नकात."

मीही बोट लावून पाहिलं. माझ्या दातांच्या खुणांच्या डावीकडे दोन खड्डे होते. चोचीचेच असणार. सासूबाईंना विचारायचा धीर मला झाला नाही. तो पाइप त्या अजून कोरड्या फडक्याने पुसतात, आणि मला हात लावू देत नाहीत.