मुंजाजीमामांची टॉवेल-टोपी

आमच्या गल्लीत मुंजाजीमामांना कामापेक्षा कुलपावरून जास्त ओळखायचे. परभणीत कूलर-पंखे दुरुस्त करणारे ढीगभर आहेत. पण हॉटेलांच्या, मंगल कार्यालयांच्या भटारखान्यातला धूर ओढून बाहेर टाकायचा आणि ताजी हवा आत सोडायची, असलं मोठं यंत्र बसवायचं म्हटलं की लोक मामांचं घर विचारत यायचे. खोलीएवढी पत्र्याची पेटी गच्चीवर चढवायची, इमारत थरथरू नये म्हणून तिच्या पायांखाली जाड रबर घालायचं, आणि तिथून पत्र्याचे चौकोनी बोगदे खाली भट्टीच्या डोक्यावर उतरवायचे, असं ते काम. पेटीच्या पोटात पट्ट्यावर फिरणारा पंखा. त्याच्यापुढं घरातला पंखा म्हणजे भिंगरी.

त्या पेटीत कुणी हात घालायच्या आधी मामा खाली येऊन मेन स्विच बंद करायचे, स्विचच्या दांडीत कुलूप अडकवायचे आणि किल्ली गळ्यात घालायचे. काम पुण्याच्या एका ठेकेदाराकडं शिकले, तिथून ही सवय आणली. सवय कसली, खोडच. एकदा घरातली ट्यूब बदलायला मीटरच्या पेटीला कुलूप घातलं आणि मग किल्ली गळ्यातच आहे हे विसरून घरभर शोधत बसले. मामी अंधारात चुलीपुढं बसून म्हणाली, "लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं आन् ह्यांनी सोताला किल्ली बांधून घेतली."

मामांची धाकटी बहीण दैवशाला, तिला पोखर्णीत दिलेली. ती आणि तिचा नवरा गोपीचंद दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्यांची पोरगी पिंकी शाळेत जाऊ लागली तेव्हा मामांनी ठरवलं की दाजींना आपल्या कामात घ्यायचं. मोटारसायकल माझी असल्यामुळं पोखर्णीला मलाच जावं लागलं, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानावरचं आहे.

दैवशाला चहाची कपबशी ठेवत म्हणाली, "दादा, उसाच्या फडात काय होतंय ते मला ठावं हाय. साप हाय, कोयता लागतो, समदं बघितलंय. तुझ्या त्या पंख्याचं मला काय कळत न्हाई. नेतोस तसा माणूस आणून सोड, मंग ने."

"नेतो तसा आणून सोडतो," मामा म्हणाले.

"मेव्हणं, घासून-पुसून आणा," गोपीचंद म्हणाला. "जाताना जरा मळलेलाच हाय मी."

गोपीचंद असा. बारीक अंगाचा, तोंडाचा मोकळा. पेटीच्या अरुंद झाकणातून मामांचं पोट आत जायचं नाही, त्यामुळं आतलं काम हळूहळू त्याच्याकडं आलं. मामा कुलूप लावून वर हाक मारायचे, "दाजी, बंद हाय." आणि मग गोपीचंद आत सरकायचा. बघता बघता दोन वर्षं फड सुटला. पिंकी एकाच शाळेत टिकली. दैवशालानं दारात मोगरा लावला. फडावर जाणारा माणूस मोगरा लावत नाही, पाणी कोण घालणार?

या श्रावणात जिंतूरचं काम मिळालं. माधवराव म्हणून निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी नवं मंगल कार्यालय बांधलं होतं. माणूस शिस्तीचा. यंत्र बसत असताना वहाणा काढून मामांच्या मागं फिरायचे आणि एकेक गोष्ट विचारून घ्यायचे. मामांनाही शिकवायला मास्तर सापडल्याचा आनंद. त्यांनी मेन स्विचपुढं उभं राहून सांगितलं, "मालक, एवढं एकच ध्यानात ठिवा. कुलूप दिसलं की आत आमचा माणूस हाय. कुलूप निघालं की मशीन तुमचं."

"कुलूप निघालं की मशीन आमचं," माधवरावांनी म्हणून दाखवलं. विद्यार्थी चांगला होता, इतका चांगला नसता तर बरं झालं असतं.

सुरू करायचा मुहूर्त शुक्रवारी सकाळचा निघाला. सकाळीच भटजी आले, चार पाहुणे आले, भटारखान्याच्या दारात रांगोळी पडली. मामांनी गच्चीवर जाऊन पंखा हातानं फिरवून बघितला, वीज द्यायच्या आधी ते नेहमी बघायचे. पंखा कुठंतरी पत्र्याला घासत होता. पट्टा ढिला करून पंखा केसभर सरकवायचा, एवढंच काम. मामा खाली गेले, मेन स्विचच्या दांडीत कुलूप घातलं, त्यानं बोर्डाचं दारही अडकून राहायचं, आणि जिन्यातून वर हाक मारली. गोपीचंद पेटीत शिरला.

मामा वर जायला निघाले, तेवढ्यात माधवरावांच्या मंडळी, विमलकाकू, हातात पूजेचं ताट घेऊन बोर्डापुढं आल्या. मागं सगळे पाहुणे.

"हे काय रे मुंजाजी? कुलूप?"

"काकू, दाजी वर हायत. धा मिन्टं."

"अरे, मुहूर्त चाललाय. मी काय मशीन सुरू करायलेय का? आतमधी हळद-कुंकू वाहायचं हाय फक्त. कुलपाला कुंकू लावू का मी? लक्ष्मी दारात आन् तू कडी लावून बसलास."

पाहुणे हसले. मामांनी ताटाकडं बघितलं. निरांजन लावलेलं होतं आणि वाऱ्यानं वात हलत होती. पूजाच तर आहे, आपण इथंच उभे आहोत, बोर्डाला कुणाला हात लावू देतो का? एवढा विचार करून त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप काढून खिशात टाकलं आणि बोर्डाला खेटून उभे राहिले. विमलकाकूंनी हळद-कुंकू वाहिलं, फुलं ठेवली, अक्षता टाकल्या. कुठं काही बिघडलं नाही. मामा कुलूप परत लावायला वळले.

"थांबा थांबा, मिस्त्री," विमलकाकू म्हणाल्या. "तुमचा मान राहिला."

आमच्याकडं घर बांधणाऱ्या गवंड्याला, विहीर खोदणाऱ्याला टॉवेल-टोपीचा आहेर देतात. हवेच्या यंत्राचा मिस्त्री कुणाच्या हिशेबात नसतो. इतक्या वर्षांत मामांनी किती भटारखाने धुरातून काढले, पण त्यांना कुणी साधा रुमाल दिला नव्हता. काकूंनी त्यांना पुढं ओढून घेतलं, कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला. भटजींनी डोक्यावर टोपी ठेवली. टोपी मोठी होती, डोळ्यांवर उतरली. दोन्ही हातांत नारळ. मामा वाकले आणि काकूंच्या पाया पडले.

भटजी म्हणाले, "वेळ झाली."

माधवराव तेवढ्यात बाहेरून आले आणि त्यांनी बोर्डाकडं बघितलं. कुलूप निघालेलं होतं. त्यांनी दांडी वर केली आणि हिरवं बटण दाबलं.

पत्र्याच्या बोगद्यातून आवाज खाली आला, हवेच्या आधी. पाहुण्यांतल्या एकानं टाळी वाजवली, त्याला वाटलं यंत्र असंच बोलतं. मामांनी वाकल्या जागेवरून उठून लाल बटण दाबलं तेव्हा टोपी अजून डोळ्यांवरच होती.

गोपीचंदचा उजवा हात पट्ट्यात गेला होता. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. अंगठा वाचला आणि करंगळी. मधली तिन्ही बोटं गेली.

यानंतर मामांना कुणी एक वाईट शब्द बोललं असतं तर ते कदाचित तरले असते. पण सगळे समजूतदार निघाले. माधवरावांनी दवाखान्याचं सगळं बघितलं आणि रोज येऊन बाकावर बसायचे. एकदा त्यांनी सुरुवात केली, "मुंजाजी, तुम्हीच म्हणाला होतात की कुलूप..." मग चिठ्ठी घेऊन औषधं आणायला उठले. विमलकाकूंनी शुक्रवारचा उपास धरला. गोपीचंद तर शुद्धीवर आल्यावर सगळं ऐकून म्हणाला, "मेव्हणं, टोपी चांगली दिसत होती का वो? मला काय बघायला मिळाली न्हाई." मामा उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसून राहिले.

दैवशाला नवऱ्याला भरवायची, जखम धुवायची, भावाला चहा द्यायची. मामाच एकदा म्हणाले, "दैवा, बोल की काहीतरी मला."

"काय बोलू दादा? पाया पडत होतास. देवाचं काम करत होतास. त्यात काय बोलायचं?"

जिंतूरचं यंत्र नंतर दुसऱ्या मिस्त्रीनं सुरू करून दिलं. ऐकलंय की झकास चालतंय, भटारखान्यात धुराचं नाव नाही, आचारी खूश आहेत. मामांनी मात्र पत्र्याला परत हात लावला नाही. लोक घर विचारत यायचे, मामी दारातूनच वाटेला लावायची.

गोपीचंदला अंगठा-करंगळीनं चहाचा कप धरता येतो. पक्कड धरता येत नाही, कोयताही नाही. दिवाळी सरली तसं पोखर्णीत मुकादमाची गाडी येणार ठरलं आणि दैवशालानं जुनं गाठोडं बाहेर काढलं. घर चालवायला दुसरा रस्ता नव्हता. पण एकट्या बाईचा कोयता होत नाही. मामांनी मला मोटारसायकल काढायला सांगितली. अंगावर जुना शर्ट, हातात पिशवी. वाटेत मी गमतीनं म्हणालो, "मामा, तुमच्या पोटाला फडात वाकायला जमतंय का?" ते म्हणाले, "नसलं जमत तरी वाकावं लागंल."

ट्रॅक्टरपुढं माणसं चढत होती. पिंकी बापाचा बरा हात धरून उभी होती. मुकादम दैवशालाला म्हणाला, "बाई, नवरा तर इथंच उभा हाय. संगं कोण?"

"भाऊ हाय माझा. त्यांच्या जागी."

मुकादमानं मामांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बैल घेताना बघतात तसे त्यांचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. बोटं सगळी जागच्या जागी होती. मामांनी मान खाली घातली.

"वय झालंय ह्यांचं," मुकादम म्हणाला. "आन् फड बघितलेला दिसत न्हाई. हे कुठं टिकायलेत?"

"टिकतो," दैवशाला म्हणाली. "मी शिकवते त्याला."

मग तिनं आधी गाठोडं वर टाकलं, स्वतः चढली, आणि वरून भावाला हात दिला.