गजाच्या अल्याड, गजाच्या पल्याड

कमठाण्याच्या बिराप्पाला तीन भाषा यायच्या. घरात मराठी, बाजारात कानडी, दवाखान्यात दखनी उर्दू. तिन्ही अशा, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यो हीच भाषा बोलत जन्माला आला. धनगराच्या घरातला, उर्दू साळंत चार बुकं शिकलेला असा दुसरा गडी बीदर तालुक्यात कुणी दाखवावा, त्याच्यापुढं मिशी उतरवून ठिवू.

बिराप्पा बीदरला ढोरांच्या दवाखान्यात रोजानं काम करायचा. उधळलेला बैल त्यानं नुसता कानाला हात लावला की गप व्हायचा. जुना डॉक्टर उर्दू बोलणारा, त्यामुळं समदं सुरळीत चाललं व्हतं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आन दोन वर्सांनी नवा डॉक्टर आला त्यो मद्रासकडचा. त्याला त्याची तमीळ आन इंग्रजी, एवढंच यायचं. माणूस भला, पण शेतकरी काय बोलतो त्यातलं त्याला अक्षर कळंना. कचेरीतल्या एका बाबूकडून त्यानं निरोप दिला, "संक्रांतीपर्यंत हितला कुणी इंग्रजीत सांगणारा गावला तर त्याला नोकरीत कायम करतो. न्हाई तर माझ्या गावाकडून माणूस आणतो."

म्हंजी बिराप्पाची रोजंदारीबी जाणार. बैल धरणारा येक आन बोलणारा येक, अशी दोन माणसं सायबाला परवडणार न्हवती.

बिराप्पाचा थोरला भाऊ अंबाजी. त्यानं हे ऐकलं न दवाखान्याच्या दारात उभा राहून सांगितलं, "माणूस हुडकायला मद्रासला कामून जायलाव? आमचा बिराप्पा इंग्रजी फाडफाड बोलतो!" बिराप्पाला तवा यायचं ते 'येस सार', 'नो सार', जनावरांची नावं, आन चावणं, मारणं, मरणं असले दवाखान्यातले शबुद. पण थोरला बोलला त्यात खोटं काय? आज न्हाई तर उद्या बोलणारच व्हता की.

दुसऱ्याच दिवशी मल्लप्पा म्हैस घिऊन आला. "सायेब, म्हशीला कुत्रं चावलं!"

सायबानं बिराप्पाकडं बघितलं. बिराप्पानं मनात एकेक शबुद धरून ओळीनं मांडला. पहिली म्हैस, मग चावणं, मग कुत्रं. छाती काढून म्हणला, "बफेलो बाइट डॉग, सार."

सायबाचा चष्मा नाकावर घसरला. "बफेलो? व्हेअर इज डॉग?"

'डॉग' तेवढं बिराप्पाला कळलं. त्यानं बाहेर बोट दावलं. साहेब पट्टी न औषधाची बाटली घिऊन अंगणात गेला, पार निंबाखाली जाऊन कुत्रं हुडकायला लागला. हावगेप्पा शिपाई काय घोळ झाला ते वळखून पोट धरून हसायला लागला. "अरं बिराप्पा, म्हशीला वरचे पुढचे दात तरी हायत का चावायला?"

मल्लप्पा बोंबलला, "माह्या म्हशीचा पाय बघा की कुणीतरी! कुत्र्याची कसली सेवा करायलाव?"

त्या दिवसापास्नं बाजारात जो भेटंल त्यो म्हणायचा, "बिराप्पा, म्हैस धरून ठिव रे बाबा, चावंल!" बिराप्पा खाली मान घालून जायचा. अंबाजी मातुर खाली मान घालणारा न्हवं. त्यानं सांगितलं, "महादेवी अक्काकडं जा. तिला येतंय."

महादेवी अक्काचं कापडाचं दुकान. धनगरांच्या घरची घोंगडी तीच इकत घ्यायची. लिंगायताची बाई, माहेर सोलापूरचं, तिथं इंग्रजी साळंत शिकलेली. नवरा वारल्यावर दुकान तिनंच सांभाळलं. बिराप्पानं तिच्यापुढं समदं गाऱ्हाणं मांडलं.

"अक्का, एकबी शबुद चुकला न्हाई. मंग म्हैस कामून चावली?"

अक्का हसली न्हाई. म्हणली, "तू 'ला' कुठं ठिवलास?"

"कोणता 'ला'?"

"म्हशी-ला. आपल्याकडं 'म्हशीला कुत्रं चावलं' म्हण, न्हाई तर 'कुत्रं चावलं म्हशीला' म्हण. म्हैस कुठंबी उभी कर, तिच्या शेपटीला 'ला' बांधलेला हाय. कुणाला चावलं ते कळतंय. कानडीत 'एम्मेगे' म्हणतोस, तिथं 'गे' बांधतोस. दखनीत 'को'. इंग्रजीत शेपटीला काईच बांधत न्हाईत."

"अय्यो! मंग त्या लोकास्नी कळतंय कसं?"

"जागेवरून."

अक्कानं कापड मोजायचा गज उचलला न फळीवर मधी ठिवला. गजाच्या डाव्या अंगाला लाल खण, उजव्या अंगाला पांढरं मांजरपाट. "गज म्हंजी काम. चावणं, मारणं, देणं. गजाच्या अल्याड बसतो त्यो करणारा. पल्याड बसतो त्यो सोसणारा. तू म्हशीला अल्याड बसवलास, मंग ती चावणारच की!"

बिराप्पा गजाकडं बघतच राहिला. "आपलं काम शेवटाला येतंय. मराठीत, कानडीत, दखनीत. ह्यांचं मधीच?"

"मधीच. आधी गडी, लगेच त्याचं काम, मग ते कुणावर पडलं ते."

"आन सायेब इचारताना पुढं 'डू' कशाला लावतो? त्याचा अर्थ काय?"

"आपण 'आलास का?' म्हणतो, त्यातल्या 'का'चा काय अर्थ सांगशील? त्यो नुसता सांगतो की हे इचारणं हाय. आपला 'का' मागनं येतो, त्यांचा 'डू' पुढं चालतो."

"मेंढरांपुढं एडका चालतो तसा?"

आता मातुर अक्का हसली. "तसाच म्हण."

मग बिराप्पा रोज दवाखाना सुटला की दुकानात. गिऱ्हाईक आलं की अक्का गज उचलायची, कापड मोजायची, न परत मधी ठिवायची. घरी आला की बिराप्पा काठी आडवी टाकून मेंढरं अल्याड-पल्याड करायचा. आई तानुबाई वरडायची, "मेंढरांस्नी इंग्रजी शिकवायलास व्हय रं? दूध आटंल त्यांचं!"

संक्रांत तोंडावर आली. तवा नागप्पा नावाचा शेतकरी बैल वढत दवाखान्यात शिरला. बैलाचं शिंग रगतानं माखलेलं. मागनं त्याचा भाऊ आला न हाताला फडकं गुंडाळून दारातच बसला. नागप्पा एका दमात बोलला, "कुत्र्याला बैलानं मारलं सायेब, पिसाळलेलं व्हतं, पण त्याच्या आदुगर माझ्या भावाला चावलं!"

साहेब शिंगाकडं बघून बैलाजवळ गेला न सुई भरायला लागला. दाराकडं त्याचं ध्यानच न्हाई.

बिराप्पाची जीभ म्हशीच्या वाटंनं निघाली व्हती, त्यानं ती दाबून धरली. डोळ्यापुढं गज आडवा टाकला. अल्याड कोण? कुत्रं. पल्याड? माणूस.

"सार! मॅड डॉग बाइट मॅन."

सायबाचा हात थांबला. "डॉग बाइट बुल?"

"नो सार. बुल किल डॉग. डॉग बाइट मॅन." आन त्यानं दारातल्या भावाकडं बोट केलं.

सायबानं सुई खाली ठिवली. फडकं सोडून जखम बघितली, सोता साबणपाण्यानं धुतली, न आपल्या जीपमधी बसवून त्याला माणसांच्या दवाखान्यात नेला. पोटात सुया घ्याव्या लागल्या, पण नागप्पाचा भाऊ जगला. अजून नांगर धरतोय. त्या दिशी परत आल्यावर सायबानं बिराप्पाच्या पाठीवर हात ठिवला न म्हणला, "करेक्ट, बिराप्पा. करेक्ट." ते समजायला गज लागला न्हाई.

बिराप्पा कायम झाला. अंबाजीनं अख्ख्या बाजारात फिरून इचारलं, "म्हैस चावली म्हणणारे कुठं गेले रं?" एकबी पुढं आला न्हाई.

संक्रांतीला बिराप्पा घरातलं सगळ्यात चांगलं काळंभोर घोंगडं घिऊन अक्काच्या दुकानात गेला. तिच्यापुढं ठिवलं न इचारलं, "अक्का, डू यू लाइक?"

"'का' पुढं उभा केलास की!" अक्का घोंगड्यावर हात फिरवत म्हणली. "पण हे कामून आणलास? मी इकत घेते, फुकट न्हाई."

बिराप्पानं फळीवरचा गज हातानं सरळ केला. मग हळूच म्हणला, "यू टीच मी."

"टीच न्हवं, टॉट. झालेलं काम हाय ते." अक्कानं गजावर बोट ठिवलं. "बरं सांग, पल्याड कोण बसलाय?"

"मी, अक्का."

"आन अल्याड?"

"तुमी. ती जागा मी कवाबी चुकणार न्हाई."

अक्कानं घोंगडं उचलून मांडीवर घेतलं, न तिळगुळाची वाटी गजाच्या पल्याड सरकवली.