ती झोप नव्हती
माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, यशवंतपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीनवर होता. दारूच्या थेंबाला त्याने कधी हात लावला नाही. यकृत गेलं ते जुन्या काविळीने. तरी आयसीयूतल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, किती प्यायचे? नाही म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली.

अण्णा बेशुद्ध होता. यकृत थकलं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते आणि माणूस गुंगीत जातो, असं त्यांनी सांगितलं. ती घाण बाहेर पडावी म्हणून नळीतून औषध चालू होतं, पोट साफ होत होतं, रिपोर्टही सुधारले होते. अण्णा काही उठत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळेत मी उशाशी उभी होते. त्याची डावी पापणी फडफडत होती. जरा थांबायची, पुन्हा सुरू. डावा अंगठाही तसाच उडत होता.

डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, यकृताच्या पेशंटचे हात थरथरतातच. फिट असती तर अख्खं अंग झटके देत असतं. संध्याकाळी मी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं.

तिथे बेळगावकडची एक नर्स होती. डॉक्टर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "अक्का, मला कालपासनं दिसतंय. सांगितलं मी. ऐकत नाहीत."

कालपासून. मोबाइलला मनाई होती, तरी मी पापणीचा व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरबाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि एवढंच विचारलं, "ईईजी केला का?"

नव्हता केला. मेंदूच्या लहरी टिपणारं ते मशीन त्याच इमारतीत, दोन मजले खाली होतं. तासाभरात अण्णाच्या डोक्याला वायरी लागल्या. पडद्यावरच्या रेघा बघता बघता बाईंचा चेहरा बदलला. मेंदूत फिट चालूच होती, बाहेर तेवढी दिसत नव्हती. शिरेतून औषध दिलं, रेघा शांत झाल्या, पापणी थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णाने डोळे उघडले.

ते पहिले डॉक्टर हसत आले. बघा, उपचारांना कसा छान प्रतिसाद दिला, म्हणाले.

मी विचारलं, "मशीन दोन मजले खाली होतं. तुम्ही का नाही मागवलं?"

असे पेशंट साधारण असेच असतात, असं काहीतरी ते इंग्रजीत बोलले आणि निघून गेले.

अण्णा घरी आला, पण आता बोलताना शब्द शोधत बसतो. हे आजाराने झालं की उशिराने, ते कुणी सांगत नाही. मी हॉस्पिटलकडे तक्रार दिली. उपचार नियमानुसार झाले, असं दोन ओळींचं उत्तर आलं. अण्णा म्हणतो, जाऊ दे गं. मी जाऊ दिलेलं नाही. काल दुसरी तक्रार टाकली, व्हिडिओसकट.