बैलं विकून आणलेली होडी

वडीगोद्रीला रस्त्याचं काम चाललंय. उकळत्या डांबराच्या वासानं मला थेट गोदाकाठी, आमच्या नव्या होडीपाशी नेऊन उभं केलं. तिचं बूडही असंच काळं चकाकत होतं.

पैलतीरावरचं शेत पेरायचं तर होडी हवीच होती. थोरले दादा बँकेचं कर्ज काढू म्हणत होते. मी शहाणा, व्याज वाचवायला त्यांच्या माघारी बैलजोडी विकली आणि होडी घेऊन आलो.

दादांनी होडीला लाथ घातली.

“जायची सोय बराबर केली. मंग औताला कोण जुंपू, तुला? अक्कल बी बाजारातच इकून आला का?”

हा किस्सा सांगून मी पुष्कळांना हसवलं. सांगताना एवढंच गाळत आलो, की तेव्हा दादांच्या मुठीत बैलांची दोन मोकळी दावी होती.