चौदावी ओळ

कोणाचा ऊस आधी तोडायचा आणि कोणाचा नंतर, हे सगळं दिलावरभाई शिकलगारांच्या डोक्यात होतं. अकरा हंगाम साखर कारखान्याला तेवढं पुरलं. माणूस मूळचा आटपाडीकडचा. तिथल्या शेतकी खात्यात रोजंदारीवरचा कारकून. तोडणीची पाळी लावायचा हा, आणि कायम केल्याची ऑर्डर मात्र दरवर्षी पुढच्या वर्षी.

१९७६ साली संचालकांनी ठरवलं की पाळीची यादी पुण्याच्या संगणकावर काढायची. माझे यजमान शेतकी अधिकारी होते. ते दिलावरभाईंना म्हणाले, "हे काम नीट पार पाड. दिवाळीला कायम करतो तुला."

पुण्याहून इंग्रजीत पत्र आलं. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून दिलावरभाई ते घेऊन आमच्या बंगल्यावर आले. मजकूर साधा होता. यंत्राची भाषा आम्ही पाहू. तुम्ही फक्त यादी कशी करता ते तुमच्या शब्दांत, एका ओळीत एकच काम, असं क्रमाने लिहा. असं असेल तर हे करा, नसेल तर ते करा. एकही पायरी गाळू नका. यंत्र स्वतःहून काही समजून घेत नाही.

"म्हंजे जे करतो ते समदं लिवायचं व्हय, बाईसाहेब?"

"सगळं. तुम्हाला क्षुल्लक वाटलं तरी."

हे मी सांगितलं. मीच.

आठ दिवस ते आमच्या व्हरांड्यात बसून लिहीत होते. लिहायचे, मग बोट ठेवून एकेका शेतकऱ्याचं नाव त्या ओळींतून खाली न्यायचे, अडलं की खोडायचे. लागणीची तारीख पाहा. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा फुटवा, असेल तर नवव्या ओळीवर जा. विहीर आटली असेल तर आठ दिवस आधी घ्या. ही विहिरीची ओळ कोणत्याही नियमात नव्हती. ती त्यांची स्वतःची होती. शेवटी तेवीस ओळी झाल्या. मी इंग्रजी करून टाइप केल्या. चौदावी टाइप करताना माझी बोटं थांबली होती, हे खरं आहे. ती अशी होती: "संचालकांची चिठ्ठी आली आहे का? असल्यास लागणीची तारीख पाहू नये. नाव सर्वांत वर घ्यावे."

त्यांना त्यात कोणाला टोचायचं नव्हतं. अकरा वर्षं चिठ्ठी येत होती, ते नाव वर घेत होते. त्यांच्या लेखी तीही एक पायरीच. मी टाइप करून कागद दिला.

तो संचालकांच्या सभेत वाचला गेला. दुपारी यजमानांनी दिलावरभाईंना व्हरांड्यात बोलावलं. मी चहा घेऊन आले होते.

"ही चौदावी ओळ कुणी लिहायला सांगितली तुला?"

"चालतंय आसंच न्हवं, सायेब? एक पायरी सुटली तर मशीन चुकतंय म्हनं."

"संचालकांतले हंबीरराव सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, तुमचा कारकूनच मशीन आहे की. मशीनला कुठं कायम करतात?"

"मग ती वळ काढतो."

"ओळ मी काढली. पण तुझं नाव आता त्यांच्या ध्यानात राहिलंय."

दिलावरभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. 'बाईसाहेबांनी सांगितलं' एवढे दोन शब्द त्यांना बोलता आले असते. मलाही. मी कपात साखर घातली. ते साखर घेत नसत.

त्या हंगामात बावीस ओळींची यादी छापून आली. हंबीररावांचा ऊस दोनशे सोळावा. चिठ्ठी आली आणि त्यांच्या गाड्या पहिल्या दिवशी गेटवर लागल्या. मशीन नीट चालतं, असा ठराव झाला. विहिरीची ओळ कुणी हसण्यावारी नेली नव्हती, ती राहिली. दिलावरभाईंना वजनकाट्यावर पाठवलं, रोजंदारीवरच. दोन हंगामांनी त्यांनी काम सोडलं आणि घराण्याचं धार लावायचं चाक बाहेर काढलं. तोडकऱ्यांचे कोयते घेऊन ते गेटबाहेर बसत. आमची जीप गेली की उठून उभे राहत. मला ते सहन होत नसे, म्हणून मी दुसरीकडे पाही.

शाळेत सिस्टरांनी लावलेल्या सवयीने मी रोज डायरी लिहिते. साठ वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. परवा मुद्दाम त्या सभेच्या दिवसाचं पान काढलं. थंडी पडू लागल्याची नोंद आहे. स्वेटरचे किती टाके घातले तेही आहे. पुढे, माझ्याच नीटस अक्षरात: दुपारी दिलावर आले, चहा घेऊन गेले.