चाळीस जागांचे आकडे

मेरिन बेझविक टास्मानियातल्या होबार्टच्या मत्स्य खात्यात आकडेवारीचं काम करायची, सव्वीस वर्षं त्याच टेबलावर. पाणबुडे खडकांवरून अबलोनी शिंपले काढत, प्रत्येक बुडीची नोंद खात्याला पाठवत. त्यावरून तळाशी किती उरलेत ते मेरिन सांगे.

चार वर्षांपूर्वी दक्षिण किनाऱ्यावरच्या चाळीस जागांचं गणित तिच्याकडे आलं. शेजारच्या जागा एकमेकींसारख्या वागतात. सगळ्या एकत्र मांडायच्या तर संगणकालाही आवरेना. म्हणून तिने सोपी वाट धरली: प्रत्येक जागेची इतर प्रत्येकीशी जोडी लावली आणि प्रत्येक जोडी स्वतंत्र आहे असं धरून त्यांच्या शक्यता गुणल्या. आकडा या वाटेनेही बरा येतो. फसवी असते ती खात्री. एकेक जागा एकोणचाळीस जोड्यांत येते; एकाच साक्षीदाराला पुन्हापुन्हा उभं करून गर्दी जमली म्हणावं, तसं. ती फुगलेली खात्री उतरवायला शेवटी एक दुरुस्ती करावी लागते. किनाऱ्याचा निर्णय घेणारी बैठक शुक्रवारी होती. दुरुस्ती राहिली.

"दरवर्षी नऊ टक्के घट, सात ते अकराच्या बाहेर नाही," असं तिने लिहून दिलं. किनारा पाणबुड्यांना बंद झाला.

या मार्चमध्ये जुन्या फायली हलवताना ती राहिलेली दुरुस्ती तिच्या लक्षात आली. तिने दुरुस्ती केली. नऊ नऊच राहिले, पण भोवतीचा पल्ला पसरला: चोवीस टक्के घटीपासून सहा टक्के वाढीपर्यंत काहीही.

ती गाडी काढून त्याच किनाऱ्यावरच्या डोव्हर गावी गेली. तिथला जुना पाणबुड्या क्लेम पायबस धक्क्यावर हवेची नळी गुंडाळत होता. बंदीनंतर त्याने बोट विकली होती.

"आकड्यांची बाई स्वतः आली," तो म्हणाला. "खाली उतरायचंय? माझा सूट घाल. दोन मेरिन मावतील."

तिने सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे किनारा बंद करायला नको होता?"

"तेही सांगता येत नाही, क्लेम. शिंपले खरंच संपत असतील."

"मग आता मोज."

"कशावरून? नोंदी तुम्हीच पाठवायचात. बंद झाल्यापासून एकही आली नाही."

"खात्याची बोट?"

"मागितली. नाही म्हणाले."

क्लेमने नळीला गाठ मारली. "माझ्या पोराला हे सांगशील? खाणीवर गेलाय, पार पश्चिमेला. त्याला वाटतं, बापाने समुद्र ओरबाडून खाल्ला. दोन वर्षं फोन घेत नाही."

मेरिनचा स्वतःचा मुलगा त्याच वयाचा. तिला लगेच हो म्हणायचं होतं.

"सांगेन. पण तुम्ही ओरबाडला नाही, असं मला म्हणता येणार नाही."

"तेवढंच तर तू त्याला म्हणायला हवं होतंस." त्याने नळी खांद्यावर टाकली. "जाऊ दे मग."

सोमवारी तिने दुरुस्तीचं टिपण वरिष्ठांकडे पाठवलं. आठवड्याने ते परत आलं. वर शेरा होता: नव्या नोंदी आल्याशिवाय किनारा उघडता येणार नाही.