शेवंतीची जागा

आज रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाची बाटली उघडली आणि त्या वासाबरोबर सिल्वासातलं आमचं जुनं सरकारी क्वार्टर डोळ्यांपुढे आलं.

मी चित्रकला कुठे शिकले नाही हो. जुन्या फ्लेमिश चित्रकारांची फुलं एका पुस्तकात बघितली होती. मागे गडद काळोख आणि पुढे सगळ्या ऋतूंची फुलं एकाच भांड्यात. प्रत्येक फूल उमलायची वाट बघत ते म्हणे चित्र पुरं करायचे. मग मीही शिमग्याला जवळच्या गलोंडा गावाच्या रस्त्यावरचा पळस काढला आणि श्रावणात दारातला सोनटक्का. आमचे हे शाळेत मास्तर होते, पण तेव्हा आजारी. खाटेवरून बघत बसायचे.

"शिमगा आणि श्रावण एका तांब्यात? मास्तरांना फसवतेस होय?"

"अजून दिवाळीची शेवंती यायचीय," मी म्हटलं, आणि पटकन तोंडून निघून गेलं, "तोवर थांबाल ना?"

डॉक्टरांनी हात टेकले होते. दोघांनाही ते ठाऊक होतं.

हे हसले. "थांबतो की. तू जागा सोड. शेवंती काढून झाली की निघतो."

आठवड्याभरात हे गेले.

चित्र बघून लोक म्हणतात, मधला काळोख छान जमलाय. हे 'थांबतो' म्हणाले, तेव्हा वाटलं होतं, मला धीर देताहेत. आता शेवंतीसाठी सोडलेल्या त्या जागेवर ब्रश नेला, की पाठीमागे कुणी कूस बदलल्यासारखी यांची रिकामी खाट करकरते.

दर दिवाळीला बाजारात शेवंतीचे ढीग लागतात. मी एकही फूल घरी आणत नाही.